तात्यांची अमेरिका आणि आमचं उपकेंद्र

अमेरिकेच्या निवडणुकीचा प्रचार आमच्या गल्लीत घरोघर झाला. कडेगाव तालुक्यातल्या बाकीच्या गावांत झाला का, ते मला ठाऊक नाही. मी शाळेला निघायच्या गडबडीत, एका हातात डबा, दुसऱ्या हातात केसांची अर्धी वेणी, आणि दारात शेजारचे तात्या हात जोडून उभे. टोपी कडक, शर्ट इस्त्रीचा, खांद्यावर लाल पंचा. असा थाट ते दोनच वेळा करतात, लग्नाला आणि निवडणुकीला. गावात तेव्हा लग्न नव्हतं.

"बाई, मंगळवारी मतदान हाय," तात्या म्हणाले.

मी विचारलं, कशाचं, सोसायटीचं का?

"अमेरिकेचं."

मी शाळेत शिकवते म्हणून अख्खं गाव मला बाई म्हणतं, आणि बाईला सगळं कळतं असं तात्या धरून चालतात. मला काहीच कळेना. तेवढ्यात सासूबाई पदर सावरत बाहेर आल्या. दारात हात जोडून आलेल्या माणसाला त्यांनी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही. उमेदवार चार असले तरी चौघांनाही होय म्हणून मोकळ्या होतात. त्यांनी एकच विचारलं, चिन्ह काय?

तात्यांचा चेहरा उतरला. "गाढव," ते हळूच म्हणाले.

"आन् समोरच्याचं?"

"हत्ती."

सासूबाईंनी तात्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. हत्ती सोडून गाढवावर शिक्का मारा म्हणणारा माणूस त्यांच्या दारात पहिल्यांदाच आला होता. तात्यांनी घाईघाईनं खुलासा केला, की चिन्हवाटपात तिकडच्या लोकांनी कधीतरी मोठा घोळ घालून ठेवलाय, त्याला आता इलाज नाही. आणि गाढव तरी कुठं आपलं आहे, तेही शेठजींचंच, फक्त हत्तीपेक्षा गरिबाचं जरा जास्त ऐकतं. शिवाय शिक्का कुणी मारायचाच नव्हता.

"आपलं यादीत नाव न्हाई, वैनी. मत द्यायचं न्हाई. नुसतं मनात धरायचं," तात्या म्हणाले, आणि पुढच्या दाराला गेले.

तात्या म्हणजे साखर कारखान्यातले रिटायर फिटर. उभा जन्म मिलच्या धडधडाटात गेल्यामुळे ते बोलतात ते पलीकडच्या आळीला ऐकू जातं. तरुणपणी लाल बावट्याच्या युनियनमध्ये शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत. ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना, जिथं म्हणून निवडणूक लागली तिथं ते उभे राहिले आणि जिथं उभे राहिले तिथं पडले. त्याचं त्यांना काही वाटत नाही. पडायलाही कुणीतरी लागतं, नाहीतर बिनविरोध होतं आणि चेअरमन माजतो, असा त्यांचा हिशेब आहे. त्यामुळे मंगळवारनंतर गाढव पडलं, तेव्हा सबंध गल्लीला वाईट वाटलं, तात्यांना नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या चुलीवर नेहमीसारखं आंघोळीचं पाणी ठेवलं, धूर काढला आणि पुढच्या तयारीला लागले.

आता कडेगावकडच्या माणसाला अमेरिकेचं एवढं काय पडलंय, हा प्रश्न गावात नव्यानं आलेले पाव्हणे विचारतात. त्याचं उत्तर आमच्या उपकेंद्रात आहे.

आमच्या गावात सरकारी आरोग्य उपकेंद्र आहे. म्हणजे इमारत आहे, पाटी आहे आणि कुलूप आहे. नर्सबाई आठवड्यातून कधीतरी येतात, त्यांच्याकडं आणखी गावं आहेत, त्यांचा काही दोष नाही. तात्यांची जुनी मागणी अशी, की इथं कायमचा डॉक्टर पाहिजे. दर ग्रामसभेत ते उठायचे, तेच बोलायचे आणि बसायचे. एका सभेला आमच्या भागाचे पुढारी आबासाहेब आले होते. आबासाहेब हसून म्हणाले, "तात्या, आवं अमेरिकेसारख्या देशात बी सरकार फुकट दवाखाना देत न्हाई. तुमी काय घिऊन बसलाय?"

सभेनं टाळ्या वाजवल्या. तात्यांनी जन्मात पहिल्यांदाच मुद्दा अर्धा सोडला आणि खाली बसले. मिलमध्ये एवढी वर्षं पट्टे आणि चाकं जोडलेला माणूस तो. कुठलं चाक अडलं की कुठलं थांबतं, हे त्यांना पाठ. घरी येता येता त्यांनी हिशेब घातला, की आपल्या उपकेंद्राचं चाक तिकडं अमेरिकेत अडकलंय. तिथं फिरलं की इथं फिरलंच. उद्या अमेरिकेनं गरिबाला फुकट दवाखाना दिला, तर आबासाहेब कुणाचं नाव सांगणार?

"अमेरिका सुधारल्याबिगर आपलं उपकेंद्र उघडत न्हाई," हे तात्यांचं वाक्य तेव्हापासूनचं. मांडवात, पारावर, दाढी करताना, कुठंही ते ऐकायला मिळतं.

मग तात्यांनी अमेरिका शिकायला घेतली. इंग्रजी त्यांचं मशिनच्या पुस्तकांवर पोसलेलं, त्यामुळे बोल्ट, बेअरिंग, प्रेशर इथपर्यंत अडचण नाही. पुढचे शब्द घेऊन ते माझ्याकडं येतात. एकदा फिलिबस्टर घेऊन आले. मी मोबाइलवर शोधून सांगितलं, की कायदा अडवण्यासाठी तिथला सभासद बोलतच राहतो, बसतच नाही. तात्या खूश झाले. हे ते कारखान्याच्या सभेत पूर्वीपासून करत होते, त्याला एवढं मोठं नाव आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

त्यांची सगळी अमेरिका कारखान्याच्या मापानं मोजलेली आहे. तिथं कधी कधी जास्त मतं घेतलेला माणूस पडतो आणि कमी मतांचा निवडून येतो, हे मला कॉलेजात समजलं नव्हतं. तात्यांनी ते पारावर उभं राहून समजावलं. सभासदांनी कितीही मतं टाकली तरी शेवटी संस्थांनी ठराव करून पाठवलेले मोजके मतदार, म्हणजे ठरावधारक, कुणाकडं जातात त्यावर चेअरमन ठरतो, तसंच तिथं. सगळ्या पारानं माना डोलावल्या. तिथल्या सर्वोच्च कोर्टातले न्यायाधीश रिटायरच होत नाहीत, हे सांगितल्यावर तर कुणाला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. आमच्या चेअरमनांची तिसरी पिढी खुर्चीत आहे.

या सगळ्याला विरोध करायला देवानं समोरच्या घरात सुभेदार दिले. पलटणीतून रिटायर होऊन आले, मिशा अजून ड्यूटीवर आहेत. त्यांना अमेरिकेचे अध्यक्ष फार आवडतात. माणूस कसा खमका पाहिजे, दम दिला की समोरचा हालला पाहिजे, असं त्यांचं मत. तात्यांच्या मते दम देणं म्हणजे कारभार नव्हे, तसं असतं तर गावातला वळू सरपंच झाला असता. एवढ्यावर भागलं तर तो दिवस शांततेत गेला असं आम्ही समजतो. प्रचाराच्या वेळीही साऱ्या गल्लीनं गाढव मनात धरलं, सुभेदारांनी धरलं नाही. तोंडावर सांगितलं, की मनात काय धरायचं ते माझं मी बघीन.

अध्यक्षांनी बाहेरच्या मालावर कर लावला तेव्हा आमच्या पारावर जे रण माजलं, तसं तिथल्या सभागृहातही माजलं नसेल. सुभेदार म्हणत होते, बरं केलं, बाहेरचा माल फुकट का घुसू द्यायचा. तात्यांनी पारावरच्या सगळ्यांना जुना जकात नाका आठवायला लावला.

"नाक्यावर पैसं ट्रकवाला भरायचा, खरं हाय. पर त्यो ते कुणाकडनं काढायचा? गिऱ्हाइकाकडनं. मंग जकात कुणी भरली? तुमी आमी," तात्या ओरडले. "तिथं बी गरिबाच्याच खिशातनं जाणार हाय, सुभेदार."

सुभेदारांचा जावई सांगलीत हळदीचा व्यापारी आहे. पुढं त्या कराचा फटका आपल्या मालाला बसला आणि जावयाच्या गोदामात पोती अडकून पडली, तेव्हा सुभेदार काही दिवस पाराकडं फिरकलेच नाहीत. तात्यांनी टोमणा मारला नाही. उलट जावयाचं कसं काय चाललंय, म्हणून माझ्या सासूबाईंकडं दोनदा चौकशी केली.

मग अमेरिकेत बाहेरून आलेल्या मजुरांना पकडून परत धाडायला सुरुवात झाली. तात्या चवताळले. आमच्याकडं ऊसतोडीला टोळ्या येतात, बैलगाड्या, झोपडीचं म्हणजे कोपीचं सामान, कच्चीबच्ची घेऊन पार लांबून येतात. फडाच्या कडेला उभं राहून तात्या शेतकऱ्यांना विचारत सुटले, की उद्या रातोरात ही सगळी टोळी ट्रकात घालून परत पाठवली तर ऊस कोण तोडणार, तू का तुझा चेअरमन? एका टोळीच्या मुकादमानं हे अर्धवट ऐकलं, त्याला वाटलं आपल्यालाच हाकलतायत, आणि तो कोयता टाकून भांडायला आला. त्याला चहा पाजून अमेरिका समजावून सांगण्यात तात्यांची दुपार गेली. जाताना मुकादमही मनात धरतो म्हणाला.

इंदूकाकू असत्या तर हे सगळं आधी त्यांनी ऐकलं असतं. तात्यांची बायको. त्या भाकरी थापायच्या आणि तात्या समोर पाटावर बसून अमेरिका सांगायचे. काकू हं हं करायच्या. एकदाच त्यांनी मधे विचारलं होतं, मग तिथं गरिबाच्या बाईचं बाळंतपण कोण करतं? बायकोला प्रश्न पडला याचंच तात्यांना इतकं अप्रूप, की आठवडाभर ते गावात सांगत होते. काकू महामारीच्या साली गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून तात्यांच्या घरातलं बोलणं गल्लीत येऊन पडतं, आणि गल्लीनंही त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

परवाची गोष्ट सांगायची म्हणूनच खरं तर मी हे लिहायला बसले.

तिकडं अमेरिकेत गरिबांच्या औषधपाण्याची सरकारी योजना आहे. थोडीफार, पण आहे. तात्यांचा सगळा जीव त्यात. या धाग्याला धरूनच अमेरिका सुधारणार, असं ते सांगायचे. त्याच योजनेला कात्री लावणारा कायदा तिथं आला, मतं अटीतटीची झाली आणि कायदा काठावर पास झाला. ही बातमी तात्यांना सकाळी कळली. त्यांनी चूल पेटवली नाही. टोपी काढून ठेवली आणि रस्त्याकडं तोंड करून कट्ट्यावर बसले.

आमच्या भागात या तीन गोष्टींचा मिळून एकच अर्थ होतो. चूल नाही, डोकं उघडं, नजर रस्त्याला. घरातलं कुणीतरी गेलं. आणि कोण गेलं, हे त्याच माणसाला विचारायची आमच्याकडं रीत नाही. आपण जायचं आणि गप बसायचं.

मी शाळेत होते. इकडं सासूबाईंनी कट्टा बघितला आणि ओळखलं. तात्यांच्या मागंपुढं आता एकच माणूस उरलेलं, माण तालुक्यात दिलेली त्यांची थोरली बहीण आक्का. वय झालेलं, गुडघे गेलेले. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, गल्लीत निरोप फिरवला आणि घरोघर पिठलं-भाकरीची तयारी सुरू झाली. ज्या घरात माणूस गेलंय तिथं शेजाऱ्यांनी शिजवून न्यायचं, त्याला आम्ही कडू घास म्हणतो. मग माती किती वाजता आहे ते कळावं म्हणून त्यांनी आक्काच्या गावातल्या आपल्या चुलतबहिणीला फोन लावला. आता फोनवर तरी नीट बोलावं? पण तिथंही असं सरळ तोंडानं बोलायचं नसतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, की तात्याच्या घरी चूल पेटली नाही, गल्ली जमलीय, तुम्ही कवा निघताय?

चुलतबहिणीनं काय समजायचं ते समजून घेतलं, आणि तशीच आक्काच्या दारात गेली.

दुपारच्या सुट्टीत मी घरी आले तर गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि आक्का गेल्याचं बायकांनी मला कानात सांगितलं. बायका एका बाजूला, गडी एका बाजूला. टोपल्यांतून फडक्यात बांधलेल्या भाकरी. आणि कट्ट्यावर तात्यांच्या शेजारी, खांद्यावर हात ठेवून, सुभेदार. या दोघांचं त्या आठवड्यात कडाक्याचं वाजलं होतं, बोलणं बंद होतं. मी तात्यांपाशी गेले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर एक विलक्षण आनंद.

"बगा बाई," ते मला म्हणाले, "मला वाटलं न्हवतं, गावाला येवढं लागंल."

मला वाटलं, बहिणीच्या दुःखानं बोलतायत. मीही मान हलवली. तात्यांनी लगेच मला सांगितलं, की पास झालाय पण फार थोडक्यात, आणि पुढच्या वेळी सभागृह पालटतंय. मी चमकले. काय पास झालंय? पण विचारायच्या आत गल्लीच्या तोंडाला जीप थांबली आणि तिच्यातून रडण्याचा आवाज आला. उंच, लांब, जुन्या बायकांचा, नाव घेऊन काढलेला.

"माझ्या जग्या रंऽऽ, मला सोडून कसा गेलास रंऽऽ."

जीपमधून आक्का उतरली.

मी खरं सांगते, सासूबाई मटकन खालीच बसल्या. बायकांनी एकमेकींचे हात धरले. आक्का काठी टेकत, रडत, कुणाकडं न बघता गर्दीतून सरळ पुढं आली. समोर कट्ट्यावर तिचा जग्या डोळे फाडून तिच्याकडं बघत बसला होता. तिचा सूर मधेच तुटला. भाऊ बघत होता बहिणीकडं, बहीण बघत होती भावाकडं, आणि गाव आळीपाळीनं दोघांकडं.

"आक्के, तू कशी काय आलीस?" तात्यांनी विचारलं.

आक्कानं पुढं होऊन त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवला. जिवंत असल्याची खात्री करून घेतली. मग हातातली काठी टाकली आणि पाठीत असा धपाटा घातला, की सुभेदारही सरकले.

मग जे काय झालं ते विचारू नका. कुणी कुणाला काय सांगितलं याचा उलगडा होता होता गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. सुभेदारांना ठसका लागला, त्यांना पाणी द्यावं लागलं. सासूबाई तोंडात पदर कोंबून माझ्या पाठीमागं लपल्या. जीपचा ड्रायव्हर हॉर्नवर डोकं ठेवून हसत होता. आणि अमेरिकेच्या एका कायद्यासाठी आपल्या बहिणीला सबंध गावानं दुपारपर्यंत मेलेली धरली, हे कळल्यावर तात्यासुद्धा हसले. पण लवकर थांबले.

आक्कानं विचारलं, कसला कायदा, कुणाचा? तात्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांचा आवाज पलीकडच्या आळीला गेला नसता. म्हणाले, तिथं गरिबाला जे थोडंफार होतं तेही काढलं. आता आबासाहेब पुन्हा म्हणतील, अमेरिकेत बी न्हाई. आणि आता त्यांना खोडायला आपल्याकडं काही नाही.

मग एकेक जण उठायला लागला. गडी कपडे झाडायला लागले. सासूबाईंनी पुढं होऊन आपली टोपली उचलली, बाकीच्या बायकांनीही उचलल्या. कुणी गेलेलं नसताना कडू घास घरात ठेवणं बरं नव्हे, अशुभ असतं ते.

"वैनी, न्हेऊ नगा," तात्या म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. इंदीच्या टायमाला कुणालाच येता आलं न्हवतं."

सासूबाईंनी टोपली परत खाली ठेवली. त्या साली काकूंना दम लागला तेव्हा तात्या त्यांना हाताला धरून उपकेंद्रावर घेऊन गेले होते. कुलूप होतं. तात्यांनी ते पान्यानं तोडलं. आत एक टेबल होतं आणि पाण्यात टाकायच्या पावडरीची पोती. तिथून गाडी मिळवून सांगलीला नेईपर्यंत उशीर झाला, आणि सांगलीहून तात्या एकटे परत आले. काकूंना तिकडंच अग्नी दिला होता. गल्लीच्या तोंडाला कळकाचे बांबू आडवे बांधलेले, जिल्ह्याच्या हद्दी बंद. माणहून आक्काला येऊ दिलं नाही. टोपी काढून हा माणूस याच कट्ट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसायचा, आणि रस्त्यानं कुणीच यायचं नाही.

आक्का खाली बसली. सासूबाईंच्या टोपलीतली भाकरी तिनं सोडली, तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि भावाच्या तोंडापाशी धरला.

"इंदीचा घास हाय," ती म्हणाली. "खा."

तात्यांनी खाल्ला. खाताना रडले, उघड, लहान पोरासारखं, तोंडात घास तसाच. मग सगळी गल्ली पुन्हा खाली बसली. आम्ही सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला. मी त्या दिवशी शाळेत उशिरा गेले आणि उशिराचं कारण काय लिहायचं ते मला सुचलं नाही.

संध्याकाळी मी परत आले तर आक्का आत पाटावर बसून तात्यांची अमेरिका ऐकत होती आणि अंगणात चुलीचा धूर निघत होता. सुभेदार अजून कट्ट्यावरच होते. घरी जायला उठले, चपला घातल्या, आणि दारातून आत वाकून म्हणाले, "तात्या, मनात धरलं मी."

तात्या बाहेर आले. सुभेदारांच्या तोंडून कधी ऐकायला न मिळालेलं वाक्य होतं ते, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला नव्हता. "कुणाला? गाढवाला?"

"उपकेंद्राला. पुढच्या ग्रामसभेला तुझ्या शेजारी उभा ऱ्हातो मी. तुझ्या अमेरिकेशी मला काय घेणं न्हाई."

तात्यांनी दाराजवळच्या खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली.

"येकच हाय रं ते," ते म्हणाले.